वजनाची चिठ्ठी

2003 साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने एक कायदा केला. सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाची उंची आणि वजन दरवर्षी मोजायचं, त्यावरून बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय काढायचा आणि मूल कोणत्या गटात मोडतं ते आईवडिलांना लेखी कळवायचं, असं त्यात ठरलं. ‘अ‍ॅक्ट 1220’ या नावाने हा कायदा ओळखला जातो. सबंध राज्यातल्या मुलांसाठी असं करणारं आर्कान्सा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. तिथले तेव्हाचे गव्हर्नर माइक हकबी यांना त्याच सुमारास टाइप 2 मधुमेहाचं निदान झालं होतं आणि त्यांनी पुढे जवळपास पन्नास किलो वजन उतरवलं. या कायद्याच्या मागे ते ठामपणे उभे राहिले. पहिल्या मोजणीचे आकडे आले तेव्हा शंभरातली सुमारे 38 मुलं योग्य वजनाच्या मर्यादेपलीकडे असल्याचं दिसलं.

कायद्यात पत्राखेरीज इतरही बरंच काही होतं. प्राथमिक शाळांतली थंड पेयांची आणि खाऊची यंत्रं मुलांसाठी बंद झाली, आहार आणि व्यायाम यांकडे लक्ष देणाऱ्या समित्या नेमल्या गेल्या. पण गाजलं ते पत्रच. गणिताच्या गुणांसारखे आता शरीराचेही गुण घरी येणार, अशी चर्चा सुरू झाली. काही पालकांना ते आवडलं, काहींना तो घरात केलेला हस्तक्षेप वाटला. 2007 मध्ये कायदा थोडा सैल झाला. मोजणी एकाआड एक इयत्तांपुरती राहिली आणि नको असेल तर तसं लिहून देण्याची मुभा पालकांना मिळाली.

इंग्लंडमध्ये 2005 पासून राष्ट्रीय पातळीवर अशी मोजणी होते. चार-पाच वर्षांची मुलं शाळेत दाखल होतात तेव्हा एकदा आणि दहा-अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडताना दुसऱ्यांदा. वर्षाला दहा लाखांहून अधिक मुलं मोजली जातात आणि बहुतेक ठिकाणी निकाल पत्राने घरी जातो. ही आकडेवारी सरकारला फार उपयोगी पडली, कारण गरीब वस्त्यांतल्या मुलांमध्ये स्थूलपणा सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे, हे तिच्यामुळे वर्षानुवर्षं स्पष्ट दिसत राहिलं. समाजाची नाडी पाहायला मोजणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. एका मुलाचा आकडा त्याच्या घरी पाठवल्याने त्या मुलाचं काही भलं होतं का?

या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर कॅलिफोर्नियातून आलं. बर्कलीच्या विद्यापीठातल्या क्रिस्टीन मॅडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 79 शाळांमधल्या जवळपास 29 हजार मुलांचा अभ्यास केला. शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीन गटांत वाटल्या. एका गटात मुलांना मोजलं आणि निकाल घरी कळवला. दुसऱ्यात मोजलं, पण कळवलं नाही. तिसऱ्यात वजन मोजलंच नाही. 2014 ते 2017 असा हा प्रयोग चालला आणि त्याचे निष्कर्ष 2020 च्या अखेरीस ‘जामा पिडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आले. ज्या मुलांचं वजन जास्त होतं त्यांच्यात, पत्र गेलेल्या आणि न गेलेल्या घरांमध्ये काहीही फरक पडला नव्हता. उलट ज्या शाळांत मोजणी झाली तिथल्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाविषयीची नाराजी अधिक वाढली, पत्र गेलं असो वा नसो. म्हणजे शाळेत काट्यावर उभं राहणं हीच मुलासाठी एक घटना असते आणि तिचा परिणाम घरी पत्र पोचण्याआधीच सुरू झालेला असतो.

आर्कान्सातल्या किशोरवयीन मुलांवरच्या 2015 च्या अभ्यासातही पत्राचा वजनावर परिणाम आढळला नाही. न्यूयॉर्क शहरातल्या संशोधकांनी आणखी एक युक्ती केली. वजनाच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या मुलींची त्यांनी तुलना केली. दोघींच्या शरीरात फरक जवळजवळ नाही, पण एकीच्या अहवालावर ‘जास्त वजन’ असा शिक्का आहे आणि दुसरीच्या नाही. शिक्का बसलेल्या मुलींचं वजन त्यामुळे कमी झालेलं दिसलं नाही.

असं का व्हावं? पत्र घरात शिरल्यावर काय होतं ते पाहिलं की उलगडा होतो. इंग्लंडमधल्या एका पाहणीत, ज्यांच्या मुलांचं वजन खरोखर जास्त होतं अशा पालकांपैकी जेमतेम पाचातल्या एकालाच पत्रापूर्वी तसं वाटत होतं. पत्रानंतर हे प्रमाण पाचातल्या दोघांच्या जवळ गेलं. याचा अर्थ पत्र वाचूनही निम्म्याहून अधिक पालकांना ते पटलं नाही. आपल्याकडे हे लगेच समजेल. ‘आमच्याकडे सगळ्यांचीच हाडं जाड आहेत’, ‘खात्यापित्या घरचं पोर आहे’, ‘उंची वाढली की बाळसं उतरेल’ ही वाक्यं कोणत्याही घरात ऐकू येतात, आणि त्यांत थोडं तथ्यही असतं. आपलं मूल सुदृढ आहे असं वाटणं ही आईबापांची गरज असते. छापील आकडा ती गरज मोडू शकत नाही.

पटलं तर काय होतं, ते अधिक काळजीचं आहे. पत्रात लिहिलेलं असतं की फळं-भाज्या वाढवा, टीव्ही कमी करा, डॉक्टरांना भेटा. संध्याकाळी साडेसातला कामावरून परतलेली आई त्यातलं काय करू शकते? खेळायला मैदान नाही, भाजी महाग आहे, डॉक्टरची फी वेगळी. हातात राहतं ते एकच, मुलाचं ताट. दुसरी पोळी मागितली की आईचा हात थबकतो. धाकट्याला तूप वाढलं जातं, मोठीला नाही. जेवताना कुणीतरी म्हणतं, ‘शाळेतून काय आलंय माहीत आहे ना?’ मिनेसोटा विद्यापीठात डायन न्यूमार्क-स्टेनर यांच्या पुढाकाराने किशोरवयीन मुलांच्या खाण्याचा दीर्घकाळ अभ्यास झाला. ज्या घरांत आईवडील मुलांशी वजनाबद्दल बोलत, तिथली मुलं उपाशी राहणं, लपून खाणं, खाऊन ओकून टाकणं अशा वाटांना अधिक लागलेली दिसली. जिथे बोलणं वजनाऐवजी चांगल्या खाण्याबद्दल होतं, तिथे हे प्रमाण कमी होतं. चिठ्ठीत पहिलं वाक्य वजनाचं असेल तर घरातलं बोलणंही वजनापासूनच सुरू होणार.

आता तो आकडा स्वतः काय आहे, तेही पाहायला हवं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. हे गुणोत्तर 1830 च्या दशकात बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांनी मांडलं. ते संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांना समूहातला सरासरी माणूस शोधायचा होता. एखाद्या व्यक्तीचं आरोग्य ठरवण्यासाठी त्यांनी ते बनवलं नव्हतं. मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोठ्यांसाठी एक ठरलेली रेषा चालते, मुलांसाठी चालत नाही. बीएमआय 20 असलेलं सहा वर्षांचं मूल स्थूल गटात मोडतं, आणि तोच 20 सतराव्या वर्षी अगदी सर्वसाधारण. शिवाय मुलांचा बीएमआय पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि मग चढू लागतो. म्हणून वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून, तक्त्यावरच आकडा वाचावा लागतो. वयात येताना मुलींच्या अंगात चरबी वाढते आणि ती वाढायलाच हवी. नेमक्या त्या वर्षी एकच मोजमाप घेऊन मुलीला ‘जाड’ ठरवणं म्हणजे तिच्या वाढीलाच दोष देणं.

मोजण्यातली चूकही लहान नसते. समजा, मुलाची उंची 120 सेंटिमीटर आणि वजन 26 किलो आहे. बीएमआय येतो 18.1. तेच मूल बूट घालून उभं राहिलं आणि उंची 122 लिहिली गेली, तर येतो 17.5. भिंतीला टेकताना गुडघे वाकले आणि 118 लिहिली, तर 18.7. उंचीचा वर्ग होत असल्याने दोन सेंटिमीटरची चूक आकड्यात मोठी होते आणि मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं. आपल्याकडे प्रगतिपुस्तकात उंची-वजनाची चौकट असते. ती कशी भरली जाते, हे शाळेशी संबंध असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर्गात पन्नास-साठ मुलं, भिंतीवर खडूने आखलेल्या खुणा, शेजारच्या दवाखान्यातून मागून आणलेला काटा, आणि वेळ संपत आली की ‘तुझं वजन किती रे?’ असं विचारून लिहिलेला आकडा. याचा दोष शिक्षकांना देऊ नये. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं त्यांच्याच डोक्यावर असतात आणि नीट मोजायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

भारतीय मुलांच्या बाबतीत बीएमआय आणखी एका ठिकाणी फसवतो, आणि हा शोध पुण्यात लागला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी भरले होते, पोटाचा घेर कमी होता, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास साउदॅम्प्टनच्या बाळांइतकी होती. दिसायला बारीक, आतून चरबी धरून ठेवणारं, असं हे शरीर. 2004 मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधले सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 2015 साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी नवे वाढीचे तक्ते काढले, त्यांत पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर यांचा पुढाकार होता. या तक्त्यांतल्या धोक्याच्या रेषा म्हणूनच खाली आखल्या आहेत. मोठ्यांच्या 25 आणि 30 ऐवजी 23 आणि 27 यांच्याशी जुळतील अशा. परदेशी तक्ता वापरून छापलेल्या अहवालात ज्याला ‘उत्तम’ म्हटलंय, ते मूल आपल्या तक्त्यावर रेषेच्या वर असू शकतं.

आपला प्रश्न पुन्हा दुहेरी आहे. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाची 24 टक्के मुलंमुली वयाच्या मानाने हडकुळी आढळली आणि 5 टक्के जास्त वजनाची. तरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली किशोरवयीन मुलं शंभरात दहा होती. हे गणित फक्त जाड मुलांकडे बघून सुटत नाही.

शंभर वर्षांपूर्वी शाळांतल्या तपासण्या सुरू झाल्या त्या उपासमारीच्या काळजीतून. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी इंग्रज सैन्यभरतीला आलेले असंख्य तरुण शरीराने नापास झाले. 1904 मध्ये त्यावर सरकारी समितीचा अहवाल आला आणि 1907 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. पण त्या कायद्यात एक भोक होतं. तपासणी करणं बंधनकारक होतं, उपचार करणं मात्र स्थानिक संस्थेच्या मर्जीवर. डॉक्टर यायचे, किडलेले दात, वाहणारे कान, अधू डोळे यांची नोंद करायचे, घरी चिठ्ठी द्यायचे. पुढच्या वर्षी त्याच मुलाचा तोच कान तसाच वाहत असायचा. ज्या घराला डॉक्टर परवडत नव्हता त्या घराला चिठ्ठीने काहीच दिलं नव्हतं. ब्रॅडफर्डसारख्या शहरांनी पुढाकार घेऊन शाळांचे दवाखाने उघडले, आणि अखेर 1918 च्या कायद्याने प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी उपचाराची सोय हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरलं. अकरा वर्षं गेली, पण धडा मिळाला. पुढे 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी कोणताही रोग चाळणी लावून शोधण्याचे नियम लिहिले. निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे, हा त्यांतला एक नियम आहे.

हिंदुस्थानातली पहिली शालेय तपासणी 1909 साली बडोद्यात झाली, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण देणाऱ्या या संस्थानाने मुलांना शाळेत आणल्यावर त्यांच्या शरीराकडेही पाहिलं, हे मला त्यांच्या कारभाराचं मोठेपण वाटतं. तरीही 1946 मध्ये भोर समितीने देशाचा आढावा घेतला तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यातच जमा होती.

आज जो कार्यक्रम चालतो, त्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडीने फिरतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा. जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा तीस प्रकारच्या तक्रारी ते पाहतं. हृदयाला छिद्र असेल, ओठ दुभंगलेला असेल, पाऊल वाकडं असेल तर मुलाला पुढे पाठवतात आणि शस्त्रक्रिया मोफत होते. कितीतरी मुलांचा जीव यामुळे वाचला आहे. इथे चिठ्ठीच्या मागे रुग्णालय उभं आहे.

वजनाच्या बाबतीत मात्र चिठ्ठीच्या मागे फारसं कुणी नाही. पाच वर्षांच्या आतलं बाळ तीव्र कुपोषित असेल तर त्याच्यासाठी पोषण पुनर्वसन केंद्र आहे. बारा वर्षांचा हडकुळा मुलगा सापडला तर त्याच्यासाठी काय? शाळेतलं दुपारचं जेवण, पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. आठवीनंतर तेही थांबतं, आणि मुलग्यांची उंची झपाट्याने वाढते ती नेमकी त्याच सुमारास. दुसऱ्या टोकाला, खासगी विनाअनुदानित शाळांत हे सरकारी पथक जात नाही. तिथे एखादी कंपनी येते, सकाळभरात तीनशे मुलं तपासते आणि गुळगुळीत कागदावर रंगीत अहवाल देऊन जाते. त्यात बीएमआय लाल रंगात असतो. पुढे कुणाशी बोलायचं, याचा उल्लेख नसतो. कधी सगळ्या वर्गाची यादीच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ‘ढोल्या’ आणि ‘काडी पैलवान’ कोण हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण त्या मुलाची मान खाली गेली ती कायदा कुठून वर उचलणार?

शाळेने वजनाबद्दल घरी बोलूच नये, असं माझं म्हणणं नाही. जपानमध्ये शाळा एका शतकाहून अधिक काळ मुलांची उंची-वजनं मोजत आल्या आहेत आणि निकाल घरीही जातात. तिथली मुलं श्रीमंत देशांमध्ये सर्वांत कमी स्थूल असलेल्यांत मोडतात. पण तिथे जवळजवळ प्रत्येक शाळेत आरोग्य पाहणारी पूर्णवेळ शिक्षिका असते, 1954 पासून शालेय जेवणाचा कायदा आहे, आणि 2005 पासून पोषण शिकवणारे खास शिक्षक नेमण्याची सोय आहे. मुलं वर्गातच एकमेकांना वाढून सारखं जेवण जेवतात. वजनाची बातमी तिथे अशा व्यक्तीकडून येते जी त्या मुलाला रोज पाहते. महाराष्ट्र हे एका वर्षात करू शकणार नाही, पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. मोजणी पडद्याआड, एकेका मुलाची, आकडा मोठ्याने न वाचता करता येते. वर्षातून दोनदा मोजून वाढीची दिशा पाहता येते, कारण एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधलं अंतर जास्त सांगतं. वाढत्या वयातल्या बहुतेक जास्त वजनाच्या मुलांना वजन उतरवायचं नसतं, उंची वाढेपर्यंत आहे तिथे थांबवायचं असतं, हे पालकांना प्रत्यक्ष भेटीत सांगता येतं. हडकुळ्या मुलाच्या आईलाही तितक्याच तातडीने बोलावता येतं. ती रोजंदारीवर असेल तर तिच्या वेळेला.

आणि घरी उपदेश पाठवण्यापूर्वी शाळेने स्वतःचं फाटक पाहावं. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला बंदी केली. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनी फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि तेल असलेले पदार्थ विकायला मनाई केली. तरी शाळा सुटताना चिप्सच्या पाकिटांच्या माळा आणि रंगीत पेयांच्या बाटल्या कुठे लटकलेल्या असतात, ते कोणत्याही गावात उघड दिसतं. पीटीचा तास गणिताला दिला जातो, मैदानावर नवी इमारत चढते, आणि मग त्याच शाळेतून पत्र जातं की मुलाला खेळू द्या.

म्हणून पालकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा. आमच्या मुलांचं वजन कोण मोजतं आणि तो आकडा कुणाला दिसतो? आकडा काळजीचा निघाला तर आम्ही कुणाशी बोलायचं? आणि आठवड्यात मैदानावर किती तास मिळतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर अहवालावर सही करण्याची घाई करू नका. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत मागे हटू नका.